बाबीनची शिकवणी

फियाक्रा समुद्रात बुडाला, त्याला महिना झाला. त्याची बायको ओर्ला आज डब्लिनला परत निघाली होती. गेली तीन वर्षं सासू, बाबीन, तिच्या आयरिशमधल्या चुका काढत आली होती. 'माझं', 'तुमचं' लागलं की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, तिथे ओर्ला हमखास अडखळायची. आज तिने वाक्य घोकून ठेवलं होतं.

"तुमच्या घराची मला फार आठवण येईल," दारात ती आयरिशमध्ये म्हणाली.

"चुकलं."

"आता काय चुकलं? 'तुमचं' लागलं की घराचं, 'त्याख'चं, 'हाख'च होतं ना?"

"ते बरोबर आहे गं. 'तुमच्या' चुकलं. 'आपल्या' म्हण, तुझ्या-माझ्या."

ओर्लाने म्हणून पाहिलं. 'आपल्या'च्या पुढे घराचं काय होतं, ते तिला आठवेना. भलतंच अक्षर लागलं.

बाबीनने ते तसंच राहू दिलं.