भिंगरीचे पाय

“पाय सैल सोड. अजून सैल,” आईने भिंगरीला खुर्चीत बसवत बजावलं. “कोणी काही म्हणो, उठायचं नाही. कळलं?”

चार वर्षांच्या भिंगरीने शहाण्यासारखी मान डोलावली.

तिचा स्नायूंचा आजार जन्मजात, लाखांत एखाद्याला होणारा. औषध इतकं महाग, की घरदार विकूनही वर्षभर पुरलं नसतं. एका धर्मादाय संस्थेने ते सहा महिन्यांपूर्वी फुकट सुरू केलं आणि मागच्या महिन्यात पोरगी चक्क उठून दारापर्यंत चालत गेली. आई मटकन खाली बसून रडली. आजीने आधी पोरीची दृष्ट काढली, मग दार लावून घेतलं.

“चार पावलं टाकली की लोक म्हणणार, झाली की बरी,” तिने सुनेला समजावलं. “ज्याचं भागलं, त्याला कोण देतंय?”

आजीचं बोलणं कडू, पण आजवर खोटं ठरलं नव्हतं. पोरीचं चालणं दिसलं तर औषध जाणार, औषध गेलं की चालणंही जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हापासून पडदे ओढलेलेच होते. शेजारीण डोकावली, की भिंगरी खुर्चीत. स्वतःच्या लेकीचं कौतुक चोरून करायचं, याच्यासारखी शिक्षा नाही.

संस्थेची डॉक्टर तपासायला आली ती हसतच. भिंगरीसमोर गुडघे टेकून बसली.

“माझ्या हाताला लाथ मार बघू. जोरात!”

पाय लोंबत राहिला.

“बरं, हा चेंडू घ्यायला येतेस?”

चेंडू लाल होता. भिंगरीचा अंगठा हलला. आईने पटकन लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“काहीच फरक नाही?” डॉक्टरने विचारलं. “नीट आठवा ना. थोडासासुद्धा?”

“नाही हो. आहे तशीच आहे.” आई म्हणाली.

“औषध चुकलं नाही ना कधी?”

“एकदाही नाही.” एवढं मात्र खरं होतं.

डॉक्टरने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. सुटलो, असं आईला वाटलं. आजीने तर चहाचं आधण ठेवलं.

“मला फार आशा होती हिची,” डॉक्टर म्हणाली. “ज्या मुलांना औषध लागू पडतं, त्यांना संस्था ते जन्मभर देते. नाही पडलं, तर रांगेतल्या पुढच्या मुलाला. पुढच्या महिन्यापासून हिचं बंद करावं लागेल.”

आई ताडकन उठली. “अहो, चालते ती! रोज चालते! भिंगरे, ऊठ, दाखव मावशींना!”

“ऊठ गं माझे बाई,” स्वयंपाकघरातून आजी धावत आली.

भिंगरीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. आईने तिला काखेत धरून उभं केलं. तिने गुडघे दुमडून घेतले. आईने पुन्हा उभं केलं, तशी ती भोकाड पसरून रडायला लागली.

डॉक्टरने हलक्या हाताने पोरीला सोडवून खुर्चीत बसवलं. मग आईच्या पाठीवर हात ठेवला.

“पुरे, ताई. दुखेल तिला. शेवटच्या भेटीत सगळ्याच आया असं म्हणतात.”