आंतरपाटाचा फोटो

पहिलं मंगलाष्टक संपलं तशी गौरांगने कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर टाकली. फोटोखालच्या, उजेड दाखवणाऱ्या आलेखातला डोंगर उजव्या भिंतीला थडकला होता. म्हणजे पांढरा आंतरपाट उन्हात पार धुऊन निघालेला. त्याने उजेड कमी केला. पुढच्या फोटोत डोंगर डावीकडे घसरला; आंतरपाट सुधारला, पण नवऱ्यामुलाचा, विश्वेशचा, चेहरा काजळला.

गंगापूर रोडच्या त्या लॉनवर गौरांगने बाहेरचा फोटोग्राफर येऊ दिला नव्हता. पाहुण्यांनाही दम भरलेला: मोबाईल खिशात. बहिणीने, स्वरदाने, मागून मागून मागितलं होतं ते एवढंच, "दादा, बाकी कसेही काढ. आंतरपाट सरकल्यावर आम्ही एकमेकांना बघतो ना, तेवढा एक नीट दे."

"सावधान!" गुरुजी म्हणाले. अक्षता पडल्या. गौरांगने फोटो काढला, आलेख पाहिला, उजेड किंचित वाढवला. परत फोटो, परत आलेख. एका पायावरून दुसऱ्या पायावर त्याचं सारखं चाललेलं.

"अरे, वर बघ जरा," आई, श्यामलाताई, मागून म्हणाल्या.

"एक मिनिट, आई."

आणि जमलं. डोंगर मधोमध, दोन्ही भिंती मोकळ्या. गौरांग आलेखाकडे बघून चक्क हसला. तेवढ्यात बँड वाजला. त्याने मान वर केली, तर आंतरपाट गुरुजींच्या काखेत होता आणि दोघांच्या गळ्यात माळा.

स्वरदाने भुवया उंचावून विचारलं, "मिळाला?"

"मिळाला. सेफ्टीसाठी एकदा परत करू."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"लग्न लागलं रे बाबा," गुरुजी म्हणाले. ते घरचेच, ढुंढिराजकाका. "आता सावधान कोणाला म्हणू? तुला? आणि माळा उतरवायच्या नाहीत, सांगून ठेवतो." तरी त्यांनी आंतरपाट पुन्हा धरायला लावला. दोघांनी माळा शालूत आणि उपरण्यात जमेल तशा झाकल्या. आंतरपाट सरकला. या वेळी गौरांगने मान खाली घातली नाही.

आलेख असा आला, की फोटोग्राफीच्या क्लासमध्ये शिकवायला घ्यावा. त्याने कॅमेरा आईपुढे धरला. श्यामलाताईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"चेहरे छान उजळ आलेत," त्या म्हणाल्या. "पण दोघंही तुझ्याकडेच बघतायत रे."