निळा दिवा

पोह्यांच्या बश्या आत गेल्या, तशी मुलाच्या आईने, इंदुताईंनी, पर्समधून पेनाएवढा निळा दिवा काढला. मुलाचे वडील हेमांगीच्या बाबांबरोबर गॅलरीत गप्पा मारत होते.

"राग मानू नकोस हं. हल्ली सगळ्याच मुली नवी त्वचा उगवून घेतात. मूळ काय आहे ते बघितलेलं बरं. उद्या नातवंडांच्या चेहऱ्यावर उतरायचं."

दिव्याच्या उजेडात हेमांगीच्या गुळगुळीत गालांखालून मुरमांचे जुने खड्डे वर आले. मुलगा चहाच्या कपात बघू लागला.

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच खड्ड्यांपायी चार स्थळांनी तिला नाकारलं होतं. म्हणून तिने सुया सोसल्या, लेझर सोसलं, शेवटी तीन आठवडे तोंड बांधून घेऊन नवी त्वचा उगवून घेतली. आणि आता पुन्हा तेच खड्डे!

"झालं बघून? आता मला बघू द्या!" तिने दिवा हिसकावला आणि इंदुताईंच्याच तोंडावर धरला.

कानापासून हनुवटीपर्यंत खड्डेच खड्डे. हेमांगीपेक्षा दाट.

मुलाने कप खाली ठेवला. "आई?"

इंदुताईंनी हेमांगीचं मनगट घट्ट धरलं. "बंद कर गं," त्या पुटपुटल्या. "ह्यांना माहीत नाहीये."

हेमांगीने दिवा बंद केला, पण परत दिला नाही.

"पुढच्या मुलीकडे जाल ना," ती दात आवळून म्हणाली, "तेव्हा नुसते पोहे खाऊन या."