वेशीत आडवी

टेबलावर मांडलेल्या खेळातल्या गावात साथ पसरली होती. खेळ चालवणाऱ्या निनादने देवीचा कौल ऐकवला, "गाव जाळा!"

ऋजुता खेळात त्याच देवीची पुजारीण होती. "निरोगी लेकरांचं काय?" तिने विचारलं. "सगळं गाव जाळा," निनादने देवीच्या आवाजात सांगितलं.

"मग असली देवी मी मानत नाही," म्हणत ती वेशीत आडवी उभी राहिली. "आधी मला मार."

मशाल घेतलेला योद्धा कौस्तुभचा होता. ऋजुताचं लग्न ठरलं होतं ते त्याच्याशीच. "अक्कल गहाण ठेवलीस का?" तो खेकसला आणि त्याने फासे फेकले. पुजारीण मेली, गाव जळालं.

"साथ तिथेच थांबली. राजधानी वाचली," निनाद म्हणाला.

"बघ! माझंच बरोबर होतं," कौस्तुभ तिच्यावर गरजला.

"असेलही," चपला घालत ऋजुता म्हणाली. "पण मला मारताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही."