जागेवर नाही

"नाव आणि हे एवढं वाक्य, सर. चुटकीसरशी होईल," फोनची नवी यंत्रणा बसवायला आलेली मुलगी म्हणाली आणि तिने रिसीव्हर ड्राफ्ट्समनच्या हातात दिला.

समोर छापील चिठ्ठी होती. 'नमस्कार, मी', मग नावासाठी मोकळी जागा, मग 'बोलतोय. आत्ता मी जागेवर नाही. कृपया निरोप ठेवा.'

बीप वाजला. "नमस्कार, मी" इथपर्यंत गाडी बरी गेली. पुढे नावाचं पहिलं अक्षर टाळूला चिकटलं ते चिकटलंच. त्याची मान ताठ झाली, डोळे आपोआप मिटले. पण थोडा वेळ काही ऐकू आलं नाही की यंत्राला वाटायचं, माणसाचं बोलून झालं. यंत्राने लाइन बंद केली.

"पुन्हा करू या. घाई नाही," मुलगी म्हणाली आणि तिने घड्याळाकडे पाहिलं. अजून निम्मं ऑफिस बाकी होतं.

तो लहानपणापासून बोलताना अडखळायचा. पण पंपांची ड्रॉइंग काढायला जीभ लागत नाही, त्यामुळे नोकरीत निभावून गेलं होतं. बोलायची वेळ आलीच तर अडणारा शब्द गुपचूप बदलायची विद्या त्याने कमावली होती. 'पाइप' अडला तर 'नळी', 'मंगळवार' अडला तर 'परवा'. नावाला मात्र दुसरा शब्द कुठून आणायचा? शाळेत आपलं नाव सांगायची वेळ आली की तो नुसताच उभा राहायचा. आई त्याला रोज आरशासमोर बसवायची. एका दमात म्हण बाळा, एका दमात. तिचा दम संपला, नाव काही निघालं नाही.

दुसऱ्या वेळी त्याने मांडीवर बोटांनी ताल धरला. तिसऱ्या वेळी श्वास सोडता सोडता बोलून पाहिलं. यंत्राने दोन्ही वेळा लाइन तोडली. खोलीतल्या सगळ्यांना एकदम फार काम आलं, जो तो मान खाली घालून बसला. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं.

शेजारच्या टेबलावरचा सेल्समन मान खाली घालणाऱ्यांतला नव्हता. त्याचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते संध्याकाळीच मिटायचं, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. तो खुर्चीसकट सरकत आला.

"आण इकडे. तुझ्या नावाने मी बोलतो. फोनवर कोण ओळखतंय?"

'माझं मी करतो,' असं ड्राफ्ट्समनला म्हणायचं होतं. तेही वेळेवर आलं नाही. रेडिओने रिसीव्हर घेतला, घसा खाकरला आणि त्याचं नाव, आडनावासकट, घोटभर पाणी प्यावं तसं सहज घेतलं.

"झालं!" मुलगी सुटल्यासारखी म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

दुपारी ड्राफ्ट्समन जेवून खुर्चीत बसतो न बसतो तोच फोन वाजला.

"बाळा!" आई होती. जेवलास का, हे विचारायला ती रोज याच सुमाराला फोन करायची. हल्ली तिला कमी ऐकू यायचं. कानातल्या मशीनमधून सगळे पुरुष सारखेच घोगरे वाटतात म्हणायची. "अरे, मघाशी लावला होता. तू नव्हतास, पण तुझी टेप लागली."

"आई, त... त... ते..."

"नाव घेतलंस रे! आडनावासकट, एका दमात! मी पुन्हा फोन लावून शेजारच्या वहिनींच्या कानाला लावला. म्हटलं ऐका, माझा मुलगा बोलतोय. तुझे बाबा असायला हवे होते."

सांगून टाकायचं त्याने ठरवलं. आई, तो मी नव्हतो. इतकंच तर होतं, आणि त्यात नाव नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि जीभ टाळूला जाऊन बसली. ती अडली की त्यानेच अडू दिली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. शेजारी रेडिओ मोठमोठ्याने कुणाला तरी पंप विकत होता.

"राहू दे, राहू दे, आता बोलू नकोस," आई घाईघाईने म्हणाली. "मी ठेवते आणि परत लावते. तू फक्त उचलू नकोस हं."

फोन वाजू लागला. ड्राफ्ट्समन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून आपल्या जागेवर बसून राहिला.