खडूची फुली
ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत आईला स्वतः रचलेला काता, म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूशी लढत, दाखवायचा होता. नियम एकच: सुरुवात जिथे, शेवट तिथेच. सरांनी फरशीवर खडूने फुली मारली. आई तिच्यावर उभी राहिली. दोन पावलं डावीकडे, डोक्यावर आडवा हात. गर्रकन वळून कोपर मागे. बाकावर बसल्याबसल्या मी ओळखलं: डावीकडे ओटा, मागे फ्रिज. आमचं जुनं स्वयंपाकघर! बाबा मारायचे, तेव्हा हा हात कधीच वर गेला नव्हता. मग तिने हवेतली कडी काढली, मला कडेवर घेतल्यासारखा हात वाकवला आणि लांब पाऊल टाकून थांबली. "ताई, परत फुलीवर या, नाहीतर गुण कापावे लागतील." "कापा, सर. तिथे मी परत जाणार नाही." सरांनी तिच्या वाकलेल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फुली पुसून टाकली.