अंगठा पुसून मिळेल

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पुन्हा अंगठा उगवला, तेव्हा रीळवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. समुद्रकिनारा झाला, बाग झाली, मावशीचं लग्न झालं. हा सगळीकडे हजर. गुलाबी, धूसर, उकडलेल्या बटाट्यासारखा. नवरदेव बिचारा हसतोय आणि त्याच्या अर्ध्या तोंडावर अंगठा.

दुरुस्तीला आलेली ही घरगुती सिनेमाची जुनी रिळं एका बिस्किटांच्या डब्यातून आली होती. डबा उघडला की आंबूस वास यायचा. घेऊन आलेला मुलगा चांगला टक्कल पडलेला होता, पण आईचं काम घेऊन आल्यामुळे मुलगाच वाटत होता.

"दादा, आईला बाबांना एकदा बघायचंय," तो म्हणाला होता. "ते गेले, आणि घरात त्यांचा एक धड फोटो नाही. कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचेच नाहीत. एकवेळ टूथब्रश दिला असता."

"मग ह्यात तरी कसे सापडणार ते?"

"चुकून आले असतील की कुठे. आरशात, काचेत. बघा ना. आई रोज विचारते, सापडले का म्हणून. जसे काही बाजारात हरवलेत."

रीळवाला हट्टाला पेटला. पांढरे हातमोजे चढवून त्याने फिल्म पुसली, तुटलेल्या जागा चिकटपट्टीने जोडल्या आणि एकेक चौकट स्कॅन केली. मग बाबांचा शोध सुरू झाला. त्याने आरसे पाहिले, चष्मे पाहिले, डबकी पाहिली. एका काकूंच्या हातातला चमचा इतका मोठा करून पाहिला की त्यात काकूंच्या दाढेतलं चांदी भरलेलं भोक दिसलं. बाबा दिसले नाहीत.

शेवटी एका मोटारीच्या काचेत पुसटसा माणूस सापडला. डोक्यावर हॅट, चेहऱ्यावर अदब. रीळवाला आनंदाने खुर्चीतून उडालाच. त्याने तो माणूस असा काही उजळवला की कोटाची बटणं लकाकायला लागली.

राहता राहिला अंगठा. त्या जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावायचं भोक वेगळं आणि भिंग वेगळं. त्यामुळे अंगठा भिंगापुढे आलाय हे चित्र घेणाऱ्याला कळायचंच नाही. पण दर वेळी? रीळवाल्याने त्याला मुळासकट उपटायचं ठरवलं. पुढच्या चौकटीतला समुद्र आणून मागच्या चौकटीतल्या अंगठ्यावर पसरायचा, असं ते काम. त्यात अंगठा एका जागी बसेल तर शपथ. मधूनच थरथरायला लागायचा, आणि मग काम दुप्पट व्हायचं.

"चहाचा कप विसळ म्हटलं की तुझ्या कमरेत उसण भरते," बायको म्हणाली, "आणि लोकांचे अंगठे बरे पुसता येतात!"

रीळवाला त्या वेळी नवरदेवाला कान बसवत होता.

काम झालं. मुलगा आईला, म्हणजे आजींना, घेऊन आला. रीळवाल्याने त्यांना मऊ खुर्ची दिली, पडदे ओढले आणि फिल्म लावली. समुद्र लख्ख. बाग लख्ख. नवरदेव दोन्ही कानांसह. मुलगा "वा, वा" करत होता. आजींची नजर नुसती इकडून तिकडे फिरत होती, स्टेशनवर कुणाला घ्यायला आल्यासारखी.

मोटारीची काच आली. रीळवाल्याने फिल्म थांबवली आणि घसा खाकरला.

"आजी, ओळखलंत?"

आजी पुढे वाकल्या. "हा तर विमावाला! ह्या मेल्याला एवढा चकचकीत कशाला केलास?"

रीळवाल्याचा चेहरा पडला. "मग ते कुठेच नाहीत हो आजी. मी चमच्यातसुद्धा शोधलं."

"नाहीत कसे? आम्ही घरी चादरीचा पडदा करून बघायचो तेव्हा होते की. लग्नात होते, समुद्रावर होते." आजी उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि त्यांनी डाव्या कोपऱ्यावर तळवा ठेवला. "इथे असायचे."

मुलगा छताकडे बघू लागला. रीळवाल्याच्या कानशिलावरून घाम निथळला. नशीब, पुसण्याआधीची प्रत त्याने जपून ठेवली होती. त्याने ती लावली.

ओरखडे आले, धूळ आली, आणि डाव्या कोपऱ्यात अंगठा उगवला. आजींनी घाईघाईने केस नीट केले. पडद्यावर एक गुटगुटीत पोरगं मागे सरकत सरकत थेट वाढदिवसाच्या केकवर बसलं. अंगठा थरथरायला लागला.

"बघ, हसतायत," आजी म्हणाल्या. "एकदा सुरू झाले की थांबायचे नाहीत."

अंगठा गदगदा हलत होता. ज्या थरथरीला रीळवाल्याने मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तिच्याकडे बघून त्यालाच हसू आवरेना. केकवर बसलेलं पोरगं आता टक्कल पडलेल्या अवस्थेत डोळे पुसत होतं.

"आई," तो म्हणाला, "झालं ना मनासारखं?"

"झालं रे." आजींनी रीळवाल्याचा हात हातात घेतला. "बाळा, पुसायला तर तुला छानच येतं. मग एवढं कर. मधली ही सगळी माणसं तेवढी पुसून दे. सारखी ह्यांच्या आड येतात."